आंब्याला गाव आहे, मेथीला नाही

शहरातल्या गिऱ्हाइकाला माल कुठला आणि कसा पिकवलेला आहे याच्याशी काही देणेघेणे नसते, त्याला फक्त स्वस्त आणि चकचकीत हवे असते, हे वाक्य शेतीविषयक चर्चांमध्ये इतक्या वेळा ऐकू येते की ते खरे आहे की नाही हे आता कोणी तपासूनही पाहत नाही. मला ते अर्धेच खरे वाटते, आणि जेवढे खरे आहे त्याचाही सगळा दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारणे पटत नाही.

आधी ‘कुठला’ हा प्रश्न घेऊ. आपल्याकडचे गिऱ्हाईक गावांची नावे घेऊनच खरेदी करत आले आहे. बटाटा तळेगावचा की इंदूरचा, हे पुण्याच्या मंडईत आजही विचारले जाते. अंजीर पुरंदरचे, चिकू घोलवडचा, भरिताचे वांगे जळगावचे आणि पांढरा कांदा अलिबागचा, ही यादी कोणत्याही सरकारी मानांकनाच्या आधीपासून घराघरांत पाठ आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी दर हंगामात कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत बसून विकला जातोच. अखेर देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेला 2025 च्या हंगामात फळागणिक वेगळा क्रमांक असलेले स्टिकर आणावे लागले. ज्या प्रश्नाचे कोणालाच सोयरसुतक नाही त्याचे खोटे उत्तर देण्याचे कष्ट कोणताही व्यापारी घेणार नाही. तेव्हा या फसवणुकीतूनच गिऱ्हाइकाची आस्था सिद्ध होते, असे मी म्हणेन.

‘कसा पिकवला’ हा प्रश्न मात्र वेगळा आहे, कारण त्याचे उत्तर डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेलाही कळत नाही. भेंडीचे टोक मोडून ती कोवळी आहे का हे पाहता येते, पण तिच्यावर शेवटची फवारणी कधी झाली हे टोक मोडून समजत नाही. मग आपण जे दिसते त्यावरच निवड करतो, आणि इथे गिऱ्हाईक म्हणून आपली जबाबदारी टाळता येणार नाही. फ्लॉवर पांढराशुभ्र हवा म्हणून शेतकरी गड्ड्यावर त्याचीच पाने बांधून ऊन अडवतो. यात कोणाचे काही बिघडत नाही. वांग्याला मात्र एकही छिद्र चालत नाही. छिद्र दिसले की तो माल स्वस्ताच्या ढिगात जातो, हे ठाऊक असलेला शेतकरी एक फवारणी जास्तीची करतो, आणि नंतर तेच गिऱ्हाईक ‘हल्ली भाज्यांवर किती औषधे मारतात’ म्हणून हळहळते. सेंद्रिय मालासाठी 2017 चे नियम आहेत, ‘जैविक भारत’चे चिन्ह आहे, पण हातगाडीवर ‘सेंद्रिय’ हा शब्द तोंडीच चालतो, ‘गावरान’सारखाच.

याबाबत द्राक्षांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातदारांची झोप उडाली. त्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी केली. निर्यातीसाठी द्यायच्या बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होते आणि प्रत्येक प्लॉटला क्रमांक मिळतो. फवारण्यांची नोंदवही ठेवावी लागते. कोणते औषध चालेल आणि ते मारल्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, याची यादी पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र काढते. काढणीपूर्वी बागेतून नमुना उचलून प्रयोगशाळेत तपासला जातो आणि अहवाल अनुकूल आला तरच माल पॅकहाउसमध्ये शिरतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांवरून पुन्हा माल अडकला, तेव्हा तपासणी आणखी कडक झाली. म्हणजे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात उतरलेल्या पेटीत दोष निघाला, तर तो निफाड किंवा दिंडोरीतल्या नेमक्या कोणत्या प्लॉटचा आहे, हे शोधता येते.

आता एक सरळ प्रश्न. तिथली एखादी बाई दुकानात अर्ध्या किलोचा डबा उचलताना प्लॉट क्रमांक वाचत असेल का? मला नाही वाटत. तीही भाव पाहत असेल आणि द्राक्षे गोड आहेत ना, एवढेच पाहत असेल, आपल्यासारखीच. फरक इतकाच की तिच्या वतीने दुकानाचा खरेदीदार, आयातदार आणि तिथला कायदा यांनी तो प्रश्न आधीच विचारून ठेवलेला असतो. आणि त्याच बागेतले मणी बारीक राहिलेले किंवा रंगाला उणे पडलेले घड ‘लोकल’च्या क्रेटमध्ये भरून आपल्याकडे येतात, तेव्हा प्लॉट क्रमांक पॅकहाउसच्या दारातच गळून पडतो. गंमत अशी की ही द्राक्षे त्याच तपासलेल्या वेलींवरची असतात. चांगली बातमीसुद्धा आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

भाजीपाल्यात ही ओळख आडतीवर, म्हणजे घाऊक बाजारातल्या दलालाच्या गाळ्यावर, पुसली जाते. शेतकऱ्याच्या क्रेटवर त्याचा मार्का असतो, त्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबाच्या पट्टीवर नाव, वजन, भाव, हमाली आणि तोलाई असे सगळे लिहिलेले असते. तिथून किरकोळ विक्रेता तीन-चार गाळ्यांवरचा माल उचलतो, गाडीवर एकत्र मांडतो आणि नाव संपते. अन्न प्रशासन भाज्यांचे नमुने घेते हे खरे, पण अहवाल येईपर्यंत त्या ढिगातली भाजी शिजून संपलेली असते, आणि ती कोणाच्या शेतातली होती हे सांगणारा कोणी उरत नाही.

राज्य सरकारने जुलै 2016 मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यानंतर शहरांतल्या शेतकरी आठवडे बाजारांना जोर आला. तिथे काय घडते ते पाहण्यासारखे असते. मेथीची जुडी हातात घेऊन एक काकू विचारत होत्या, “औषध कधी मारलंय हो?” शेतकऱ्याने थोडे आठवून सांगितले, “आठ दिवस झाले, ताई. परवाच काढणार होतो, पण थांबलो.” काकूंनी दोन जुड्या घेतल्या, घासाघीस न करता. तो खरे बोलला की नाही हे तपासण्याचे साधन काकूंकडे नव्हते, पण उत्तर देणारा माणूस समोर असताना प्रश्न आपोआप सुचला, हे मला महत्त्वाचे वाटते.

तरीही सगळा भार असा विचारणाऱ्यांवर टाकणे अन्यायाचे आहे. महिन्याच्या शेवटी दहा रुपयांची जुडी शोधणाऱ्या घराला ‘जागरूक ग्राहक व्हा’ असे सांगण्यात काही अर्थ नाही. त्या घराला सुरक्षित भाजी न विचारताच मिळायला हवी. हातगाडीवाल्यापासून सुरुवात करावी असेही मी म्हणणार नाही, त्याच्यावर नवा कागद लादला तर तो फक्त हप्त्याचे निमित्त होईल. सुरुवात व्हावी ती मॉलपासून आणि घरपोच भाजी देणाऱ्या अॅपपासून. त्यांतल्या ज्यांची स्वतःची संकलन केंद्रे आहेत, त्यांनी कोणत्या शेतकऱ्याला किती पैसे दिले हे त्यांच्या हिशेबात असतेच. पाकिटावर ते वजन, किंमत आणि पॅकिंगची तारीख छापतात. त्याखाली गावाचे नाव आणि शेवटच्या फवारणीची तारीख छापायला आणखी एक ओळ पुरे.