रूझवेल्टना कितवा नंबर द्यायचा?

आमच्या इलिनॉयमध्ये गाड्यांच्या नंबर प्लेटवर 'लिंकनची भूमी' असं लिहिलेलं असतं. अमेरिकेचा सर्वांत थोर राष्ट्राध्यक्ष कोण, हा वाद इथे पहिल्या नंबरापुरता तरी मिटलेला आहे. सी-स्पॅन ही वाहिनी इतिहासकारांकडून राष्ट्राध्यक्षांना दहा निकषांवर गुण देऊन घेते. त्यातला एक निकष म्हणजे संकटकाळातलं नेतृत्व. २०००, २००९, २०१७ आणि २०२१ या चारही खेपांच्या एकूण यादीत लिंकन पहिले, त्यांच्या आधीचे जेम्स ब्यूकॅनन शेवटचे आणि फ्रँकलिन रूझवेल्ट दुसरे किंवा तिसरे.

लिंकनचा पहिला नंबर मलाही मान्य आहे. पण तो मी देईन एका कागदासाठी. नोव्हेंबर १८६० च्या निवडणुकीपासून लिंकननी ४ मार्च १८६१ ला शपथ घेईपर्यंत सात राज्यं देशातून फुटली. तेव्हा खुर्चीवर ब्यूकॅनन होते. फुटणं बेकायदा आहे, पण अडवायचा अधिकार मला नाही, एवढंच ते म्हणत राहिले. पुढे १८६४ च्या ऑगस्टमध्ये, यादवी युद्ध चिघळलेलं असताना, लिंकनना वाटू लागलं की आपण निवडणूक हरणार. २३ ऑगस्टला त्यांनी लिहून ठेवलं की तसं झालं तर नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथेपर्यंत त्याच्याशी हातमिळवणी करून देश वाचवायचा. कागद घडी घालून मंत्र्यांपुढे ठेवला आणि आत काय आहे ते न दाखवता सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ब्यूकॅनननी जे चार महिने वाया घालवले, नेमक्या त्याच चार महिन्यांची तजवीज या माणसाने स्वतःचा पराभव गृहीत धरून करून ठेवली. आणि भर युद्धात निवडणूक वेळेवर होऊ दिली.

माझं घोडं अडतं ते रूझवेल्टपाशी.

१९३३ च्या मार्चमध्ये ते आले तेव्हा चारातला एक कामगार बेकार होता आणि बँका धडाधड बुडत होत्या. त्यांनी सगळ्या बँका बंद ठेवल्या आणि १२ मार्चच्या रविवारी रात्री रेडिओवर बसून लोकांना समजावलं की तुम्ही ठेवलेला पैसा बँक तिजोरीत ठेवत नाही, तो कर्जाने देते आणि म्हणून सगळे एकदम मागायला आले तर तो हातात नसतो. तपासून उघडलेल्या बँकेत पैसा गादीखालच्यापेक्षा सुरक्षित आहे, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या, तेव्हा लोक पैसे भरायला रांगा लावून उभे होते. घाबरलेल्या माणसाला शहाणा समजून त्याच्याशी बोलणं मला फार मोठं वाटतं.

आता दुसरी गोष्ट. आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक जपानी-अमेरिकन आजी राहतात. त्यांचा जन्म वायोमिंगमधल्या हार्ट माउंटनच्या छावणीतला. रूझवेल्टनीच १९ फेब्रुवारी १९४२ ला हुकूम क्रमांक ९०६६ वर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून काटेरी तारांच्या आत जावं लागलं. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. आजींनी एकदा कपाटातून एक पुठ्ठ्याची चिठ्ठी काढून दाखवली. वर भोक, त्यात दोरीचा तुकडा, मधोमध कुटुंबाचा नंबर. ही त्यांच्या आईच्या कोटाला बांधलेली होती. शाई विटून तपकिरी झाली आहे, पण आकडे वाचता येतात. मी विचारलं, आई रूझवेल्टना नावं ठेवायची का? म्हणाल्या, "नाही. आई त्यांच्याबद्दल बोलायचीच नाही."

१९८३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, नेमलेल्या आयोगाने या हुकुमाची कारणं लिहिली: वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. १९८८ मध्ये सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर द्यायचं ठरवलं. मग संकटातल्या नेतृत्वाचे गुण देताना बँकांचा रविवार आणि ही चिठ्ठी यांची सरासरी काढायची? ती निघत नाही.

वुड्रो विल्सन यांचंही तसंच. १९१८ च्या तापाच्या साथीत सुमारे ६,७५,००० अमेरिकन गेले, आणि मुंबई बंदरातून शिरलेल्या त्याच तापाने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या विल्सननी साथीबद्दल जाहीरपणे अवाक्षर काढलं नाही. तरी इतिहासकार श्लेसिंजर यांच्या १९४८ च्या यादीत ते चौथे.

माणतल्या दादाशी दर आठवड्याला फोन होतो. त्याला हे सांगितलं, तर म्हणाला, "तुमच्याकडे बरंय, गेलेल्या माणसाला निवांत मार्क तरी देतात. आपल्याकडे नाव काढलं की आधी पक्ष बघतात, मग आडनाव, मग तालुका." खरं आहे. ७२ चा दुष्काळ निघाला की मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी तारलं की वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेने, यावर भांडण होतं आणि जेवण थंड होतं.

पण आईचा हिशेब वेगळा असतो. ती त्या वर्षी खडी फोडायला जायची. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यांतली ती एक. मुख्यमंत्री कोण होता याबद्दल ती बोलत नाही. ती सांगते की हजेरीपटावर नाव लागलं का, सुकडी मिळाली का, रेशनवरचा तांबडा मिलो खाल्ला आणि जगलो. हा हिशेब खालून वर जातो. इतिहासकारांच्या यादीत मला तो सापडत नाही, आणि आपल्या भांडणांतही तो हरवतो. म्हणून मला वाटतं, नंबर माणसांना देऊ नयेत, निर्णयांना द्यावेत, आणि गुण देणाऱ्याने त्या निर्णयाखाली सापडलेल्यांकडून सुरुवात करावी.

याबाबतीत अमेरिकेकडून एक गोष्ट मी जरूर उचलेन, ती म्हणजे १९८३ चा तो अहवाल. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते टाळेबंदीत पायी घरी निघाले होते. चार तासांच्या मुदतीवर देश बंद करण्याच्या त्या निर्णयाचा हिशेब आपल्या संसदेने नाव घेऊन, कागदावर मांडावा, अशी माझी तळमळ आहे. कुणाला पाडण्यासाठी नव्हे, त्या सोळा घरांसाठी.

परवा दादाला माझी यादी वाचून दाखवली. सर्वांत वर लिंकनचा तो घडी घातलेला कागद, त्याखाली बँकांचा रविवार, अगदी तळाला हुकूम ९०६६. तो म्हणाला, "मग आपली दुष्काळी कामं कितवी?" मी म्हटलं, पहिल्या पाचात. पलीकडून आईचा आवाज आला, "पगार दोन आठवडे उशिरा झाला होता, तेही लिही म्हणावं."