पंधरा दिवसांत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू? नाही होत बाबांनो

आमच्या एमपीएचच्या (पब्लिक हेल्थमधल्या मास्टर्सच्या) ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला आणि ठाण्यापासून खारघरपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकलला: "डिझर्टेशनला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू घ्या, फील्डवर्क नाही, एथिक्स नाही, एकट्याने होतं, एआय पंधरा दिवसांत करून देतं, तसंही ते ओरिजिनल रिसर्च नसतंच." ज्युनिअर मुलं हे वाचून टॉपिक ठरवतायत म्हणून लिहितेय. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावर आधी झालेले सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, तपासून एकत्र मांडणं.

पंधरा दिवस? प्रोस्पेरोवर (असे रिव्ह्यू आधीच नोंदवायचं ऑनलाइन रजिस्टर) नोंदवलेल्या 195 रिव्ह्यूंचा हिशोब 2017 मध्ये छापून आलाय, नोंदणीपासून प्रकाशनापर्यंत सरासरी 67 आठवडे. आपलं डिझर्टेशन तेवढं मोठं नसतं, मान्य, पण प्रोटोकॉल, सर्च स्ट्रिंग (पेपर शोधायला टाकायचे शब्द), डुप्लिकेट काढणं, मग पेपरांचे शेकडो ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सारांश, वाचणं यातच महिने जातात.

एथिक्सचं, म्हणजे एथिक्स कमिटीची परवानगी लागत नाही याचं, अर्धं खरंय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या गाइडलाइन्सप्रमाणे रिव्ह्यूला सूट मिळू शकते, पण ती द्यायची का हे कमिटी ठरवते, आपण नाही, तेव्हा अर्ज करा आणि पत्र हातात घ्या.

एकट्याने तर करूच नका. स्क्रीनिंग, म्हणजे कुठला पेपर घ्यायचा आणि कुठला नाही हे ठरवणं, दोघांनी वेगवेगळं करायचं असतं. मी आणि माझी मैत्रीण, एका पेपरवरून नेरुळ स्टेशनवर दोन लोकल सोडून वाद घातलाय, आणि तिचं बरोबर निघालं, मी आउटकम, म्हणजे अभ्यासात शेवटी काय मोजलंय ते, नीट वाचलाच नव्हता.

आता एआय. ते नसलेले रेफरन्स बिनधास्त बनवून देतं हे सोडाच, पण खरा दिसणारा पेपर खोटा असला तर काय करणार? कोविडमध्ये आयव्हरमेक्टिन या औषधावरचा इजिप्तचा एक प्रीप्रिंट (तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच ऑनलाइन टाकलेला पेपर) बऱ्याच मेटा-ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या हिशोबांत, घेतला होता, लंडनचा एक मेडिकल स्टुडंट मास्टर्सच्या असाइनमेंटसाठी तो वाचत बसला आणि त्याला मजकूर चोरलेला दिसला, आकडे जुळेनात, शेवटी जुलै 2021 मध्ये तो काढून घेतला गेला. म्हणजे आपल्यासारखाच एक विद्यार्थी, ओळ न् ओळ वाचणारा!

आणि ओरिजिनल नसतं म्हणे. एमपीएचच्या आधी मी ठाण्यात लेबर रूमला नर्स होते, कळा लवकर सुरू झालेल्या बाईला बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून बारा-बारा तासांनी डेक्सा या स्टेरॉइडचे चार डोस आम्ही द्यायचो, तेव्हा त्यामागची गोष्ट माहीत नव्हती. अशा स्टेरॉइडची पहिली ट्रायल 1972 ची, नंतरही ट्रायल होत राहिल्या, पण एकेकटी बघितली तर कुणाला खात्री वाटेना, आणि सगळ्या एकत्र मांडणारा रिव्ह्यू आला थेट 1989 मध्ये. सतरा वर्षं! पुरावा कपाटात होता आणि बाळं जात होती. कॉक्रेनचा, म्हणजे असे रिव्ह्यू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, लोगो नीट बघा, त्यातल्या त्या आडव्या रेघा म्हणजे याच ट्रायल आहेत.