डिकीत कोण वाजतंय?

कात्रजचा बोगदा मागे पडला आणि दाजींनी खिशातून पेन काढलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दाजी बँकेतून निवृत्त झालेत. जन्मभर ताळेबंद जुळवल्यामुळे त्यांना बेरजेशिवाय काही पटत नाही. भरीत चांगलं झालंय असं ते म्हणत नाहीत, "मागच्या वेळेपेक्षा अर्धा मार्क जास्त" म्हणतात. ताईने यावर बोलणं केव्हाच सोडून दिलंय. त्या दिवशी आम्ही पाचगणीला निघालो होतो. मी चालवतोय, शेजारी दाजी, मागे ताई आणि भाचा. आठवड्यापूर्वीच भाच्याने माझ्या गाडीच्या डिकीत एक भलामोठा वूफर, म्हणजे खालचे सूर घुमवणारा स्पीकर, बसवला होता. त्याची कर्तबगारी दाखवायला त्याने एक गाणं लावलं आणि सहज विचारलं, "मामा, एकेक माणूस तोलला तर सगळ्यात दमदार रॉक बँड कुठला?"

आवडता बँड कुठला, हे भांडण माझं आणि दाजींचं ताईच्या साखरपुड्यातच झालं होतं. पण एकेक माणूस तोलायचा म्हणजे प्रकरण निराळं. बँडमधल्या कुणाकडेही बोट दाखवा, चाहत्याला मान खाली घालावी लागता कामा नये. दाजींनी पीयूसीचा जुना कागद उलटा केला आणि रकाने आखले. गिटार, बास (म्हणजे खालच्या सुरांची गिटार), ड्रम, गळा. प्रत्येकी १०, एकूण ४०.

"लेड झेपेलिन, ३९," असं म्हणून त्यांनी आधी बेरीज लिहिली आणि मग सावकाश रकाने भरले.

"तो एक मार्क कुठे गेला?"

"गाणाऱ्या प्लांटचा कापला. पूर्ण ४० दिले की तपासणाऱ्याला संशय येतो."

दाजींचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गिटारवाला पेज आणि बासवाला जोन्स हे दोघे बँड निघायच्या आधीपासून लंडनच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवून हात पक्का करून बसलेले. जोन्स तर बास वाजवेल, कीबोर्ड वाजवेल, मेंडोलिनही वाजवेल. असा माणूस लग्नघरात हवा. आणि ड्रमर बॉनहम १९८० साली गेला तर उरलेल्या तिघांनी दुकानच बंद केलं. "बदली कामगार घेतला नाही," दाजी माझ्याकडे रोखून बघत म्हणाले.

हा टोमणा मला होता, कारण माझा बँड द हू. कीथ मून १९७८ मध्ये गेला आणि त्यांनी दुसरा ड्रमर घेतला.

"मूनला हजेरीचे मार्क कापावे लागतील," दाजी म्हणाले. १९७३ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये मून कार्यक्रमाच्या मध्येच ड्रमवर आडवा झाला होता. गिटारवाल्या टाउनशेंडने प्रेक्षकांनाच विचारलं, कुणाला ड्रम येतात का? १९ वर्षांचा एक मुलगा वर चढला आणि तीन गाणी वाजवून आला. दाजींना हा किस्सा तोंडपाठ आहे. घरातल्या कुठल्याही वादात, अगदी भाजीच्या वादातसुद्धा, ते तो काढतात.

खंबाटकीच्या घाटात भाच्याने रश आणला आणि हिशेब बिघडला. हा कॅनडाचा बँड, माणसं तीनच. गेडी ली बास वाजवतो, गातो, कीबोर्ड वाजवतो आणि हात कमी पडले की पायाने पेडल दाबून सूर काढतो. त्याला बासचे मार्क द्यायचे की गळ्याचे? "दोन्ही," भाचा म्हणाला. "एका माणसाला दोन पगार नियमात बसत नाहीत," दाजी म्हणाले. मग ४० ला तीनने भागायचं की चारने, यावर पूर्ण घाट गेला. वळणावर मागचा ट्रकवाला हॉर्न बडवत होता, तोही कुठल्या तरी बाजूने असावा. शेवटी नील पर्टने सुटका केली. हा ड्रमर जगभर नावाजलेला असताना, नव्वदच्या दशकात, नव्याने गुरू करून पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला. गुरू म्हटल्यावर दाजी विरघळले. १० दिले.

क्रीम दोन मिनिटांत आटोपलं. क्लॅप्टन, जॅक ब्रूस, जिंजर बेकर, तिघेही वाघ. पण ब्रूस आणि बेकरचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यामुळे १९६६ ला निघालेला बँड १९६८ ला संपला. "मुदतीआधी मोडलेली ठेव," असा शेरा पडला. बीटल्सचं नाव निघताच ताई जागी झाली. "रिंगोला कमी दिलेत तर बघा," एवढं बोलून ती पुन्हा झोपली. दाजींनी ड्रमच्या रकान्यात ६ चे ९ केले.

वाई आली तसा दाजींच्या निःपक्षपातीपणाला उतार लागला. क्वीनमधला ब्रायन मे वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली गिटार वाजवतो, तिच्यात जुन्या फायरप्लेसचं लाकूड आहे, ती तो नाण्याने छेडतो, वर खगोलभौतिकीत डॉक्टरेट. या सगळ्याला मिळून ९. आणि गायक फ्रेडी मर्क्युरीला ११!

"दहापैकी?"

"आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलाय तो. हे स्थानिक आरक्षण समज."

आता खरं सांगतो. द हूच्या एंटविसलला मी तीस वर्षं बासचे १० मार्क देत आलोय, ते केवळ श्रद्धेने. माझ्याकडे त्यांची एक भरून घेतलेली कॅसेट होती आणि ती वाजायची आमच्या टू-इन-वनवर. त्या यंत्रातून बास कधी बाहेर आलाच नाही. कान लावला तर लांबवर कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटायचं. त्या कपाटासाठी मी दाजींशी हमरीतुमरीवर आलेलो आहे.

पसरणी घाट लागला आणि भाच्याने 'द रिअल मी' लावलं, १९७३ चं. डिकीतला वूफर जागा झाला आणि मी पहिल्यांदा एंटविसल ऐकला. गिटारने पुढे जायचं आणि बासने मागून पिशव्या उचलायच्या, हा रिवाजच त्याला मान्य नव्हता. तो गाण्याच्या पुढे धावत होता, मधेच वळून गाण्याला हाका मारत होता. माझ्या अंगावर काटा आला. स्टिअरिंग थरथरलं.

"थांबव! थांबव गाडी!" दाजी ओरडले. "मागे काहीतरी सुटलंय. खडखड ऐकू येत नाही का?"

कठड्याजवळ जागा बघून गाडी घेतली. दाजींनी उतरून चारही चाकांना लाथ मारून पाहिली.

"दाजी, गाडीला काही झालेलं नाही. हा एंटविसल आहे."

ते बराच वेळ डिकीकडे बघत राहिले. मग आत बसले, कागद मांडीवर घेतला आणि बासच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात १० लिहिले. पुढे कंसात: 'गाडी थांबवली.' तीस वर्षांत पहिल्यांदा. मला गहिवरून आलं. द हू ३८, झेपेलिनपेक्षा फक्त एकाने मागे!

तेवढ्यात ताईला जाग आली. "जरा बंद करा रे ते," ती म्हणाली. भाच्याने गाणं थांबवलं आणि मी गाडी काढली.

खडखड चालूच होती.

पुढच्या वळणावर पुन्हा थांबलो. वूफर बसवताना भाच्याने स्टेपनीजवळचा जॅक काढला होता, तो परत अडकवायचा राहून गेला होता. दाजी एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.