‘समुद्र भिंतीनेच अडतो, बाकी सगळं परदेशी फॅड’ : फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यावर उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, कोकणातल्या गाववाल्यांच्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : समुद्र वाढतोय हे खरं, पण तो झाडांनी अडत नाही, भिंतीनेच अडतो. खारफुटी आणि पाणथळ जागा वाचवा हे परदेशी फंडिंगवाल्यांचं फॅड आहे, कोलंबो, आफ्रिका, इंडोनेशिया इथल्या गरीब लोकांवर त्याचे प्रयोग चाललेत. लावलेली रोपं मरतात. प्रत्येकाचा समुद्र वेगळा, त्यामुळे एका शहराने दुसऱ्याकडून शिकण्यासारखं काही नाही. शेजारी देश एकमेकांशी धड बोलत नाहीत, ते किनारा काय मिळून सांभाळणार. म्हणून मुंबईने कुणाचं न ऐकता आपली भिंत बांधून मोकळं व्हावं. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

“झाडं समुद्र अडवत नाहीत”

लाटा वेगळ्या आणि वादळात चढणारं पाणी वेगळं, मेसेजमध्ये दोन्हीची सरमिसळ झालीय. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा १०० मीटर रुंद खारफुटीतून आत येईपर्यंत त्यांची उंची १३ ते ६६ टक्के कमी होते, वेगवेगळ्या देशांत घेतलेली मोजमापं एकत्र करून निघालेले आकडे आहेत हे. पण चक्रीवादळात समुद्राची पातळीच वर चढते आणि ते पाणी आत घुसतं, त्याची उंची किलोमीटरभर रुंद खारफुटीमागे ५ ते ५० सेंटिमीटर एवढीच उतरते. म्हणजे किनाऱ्याला दोन ओळी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, लावली आणि वादळाची चिंता मिटली असं कुणी सांगत असेल तर तेही खोटंच. पट्टा रुंद लागतो, आणि म्हणूनच आहे तो तोडायचा नसतो.

माणसांचे जीव वाचतात का? १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळावर सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांचा २००९ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, केंद्रापाडा जिल्ह्यातल्या शेकडो गावांचा. किनारा आणि गाव यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जितका रुंद तितके मृत्यू कमी, असं त्यात निघालं. त्याच अभ्यासात हेही म्हटलंय की वेळेवर दिलेल्या इशाऱ्याने त्याहून जास्त जीव वाचले. खारफुटीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य गाळू नये, कारण काम दोन्हींनी मिळून होतं.

आणि भिंतीला विरोध कोण करतंय? मालदीवची राजधानी मालेभोवतीची भिंत २००४ च्या त्सुनामीत त्या शहराच्या कामी आलीच. आपल्याकडे कोकणात खारबंदिस्ती आहे, बांध घालायचा, पाणी सोडायला उघाडी ठेवायची. गोव्यात खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीचे, बांध आहेत, त्यांना पाणी आत-बाहेर करायला ‘मानस’ नावाचं दार आहे, आणि बांधाच्या खाडीकडच्या अंगाला खारफुटी राहू द्यायची कारण लाटेचा मार आधी तिने खायचा, मग बांधाने. झाड की भिंत असं भांडण आपल्या जुन्या माणसांनी कधी लावलंच नव्हतं.

“भिंत आपली, झाडं परदेशी”

हा मुद्दा वाचून खरंच वाईट वाटलं. मरीन ड्राइव्हला जे चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड टाकलेत ते १९५० च्या सुमाराला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि पहिल्यांदा वापरले गेले मोरोक्कोत, कॅसाब्लांकाच्या वीज केंद्रापाशी. मालेची वर सांगितलेली भिंत जपान सरकारच्या मदतीने उभी राहिली. म्हणजे काँक्रीटसुद्धा सीमा ओलांडूनच आलंय, त्याला कुणी फॅड म्हणत नाही. उलट ठाणे खाडीतली खारफुटी कुणा परदेशी माणसाने आणून लावलेली नाही, ती वाचावी म्हणून इथल्याच लोकांनी मुंबई हायकोर्टात याचिका केली, २००५ मध्ये तोडीला बंदी आली आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल लागला.

“प्रत्येकाचा समुद्र वेगळा”

समुद्र वेगळा असतो, बरोबर. पण चिखल सगळीकडे एकाच नियमाने बसतो, पाणी संथ झालं की गाळ खाली बसतो. नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या उथळ वाडन समुद्राच्या काठावर लोक पिढ्यानपिढ्या एक साधी गोष्ट करत आलेत, लाकडी खुंट्यांच्या दोन ओळी रोवायच्या, मध्ये काटक्या-फांद्यांच्या मोळ्या दाबून भरायच्या, भरतीचं पाणी त्यातून आत जातं पण त्याचा जोर मोडतो आणि गाळ मागे राहतो. काही वर्षांनी तिथे जमीन वर येते, गवत उगवतं.

आता इंडोनेशियात जाऊ. जावा बेटावर सेमारांग शहराला लागून डेमाक जिल्हा आहे, तिथे कोळंबीच्या तळ्यांसाठी खारफुटी साफ केली गेली आणि मग समुद्राने किनारा खायला सुरुवात केली, काही ठिकाणी किलोमीटरपेक्षा जास्त आत आला, शेती, तळी, वस्त्या सगळं पाण्यात. भिंती बांधून पाहिल्या, पायाखालचा चिखलच वाहून गेला की भिंत कलते. २०१५ च्या सुमाराला इंडोनेशिया सरकार, पाणथळ जागांसाठी काम करणारी वेटलँड्स इंटरनॅशनल आणि डच संस्थांनी मिळून वाडन समुद्राची तीच पद्धत तिथे आणली, फक्त लाकडाच्या जागी बांबू. कुंपणामागे गाळ बसायला लागला आणि त्यावर खारफुटीची रोपं आपोआप उगवली, लावावी लागली नाहीत. शिवाय गावच्या लोकांसाठी तळ्यांच्या शाळा चालवल्या, कमी रसायनात कोळंबी कशी काढायची याच्या, कारण पोट भरलं नाही तर झाड कोण राखणार.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं. समुद्रातल्या लाकूड पोखरणाऱ्या किड्याने बांबू खाल्ले, सामान बदलावं लागलं. आणि त्याहून मोठं संकट म्हणजे सेमारांगच्या परिसरात जमिनीखालचं पाणी इतकं उपसतात की जमीनच खचतेय, काही भागांत वर्षाला ८ सेंटिमीटरच्या वर. खाली जाणाऱ्या जमिनीवर कुंपण काय पुरे पडणार, त्यामुळे काही गावांत कमावलेला चिखल पुन्हा पाण्याखाली गेला. हे त्या प्रकल्पातल्या लोकांनी लपवलं नाही, उलट भूजल उपसा थांबवा म्हणून तेच ओरडून सांगतायत, आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगातल्या पहिल्या १० पथदर्शी पुनरुज्जीवन प्रकल्पांत त्याला घेतलं. माझ्या मते डेमाकची सगळ्यात मोलाची गोष्ट हे अपयशच आहे, कारण खचणाऱ्या जमिनीवर ही पद्धत टिकत नाही हे आता कोलकात्यापासून मनिलापर्यंत कुणालाही पुन्हा पैसे घालवून शोधून काढायची गरज नाही. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाजवळही जर्मन मदतीने अशीच बांबूची कुंपणं घातली गेली, तिथली भरती, तिथला चिखल बघून आकार बदलून. दुसऱ्याकडून शिकायचं म्हणजे नक्कल मारायची असा अर्थ मेसेजवाल्यांनी का काढला कळत नाही.

श्रीमंत देशही हेच करतात. नेदरलँड्सने २०११ मध्ये हेगजवळच्या किनाऱ्यावर सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एका ठिकाणी ओतली आणि ती पुढे पसरवायचं काम वारा आणि प्रवाहावर सोपवलं. ते पाहून इंग्लंडने २०१९ मध्ये नॉरफोकमधल्या बॅक्टनला, तिथल्या गॅस टर्मिनलसमोर, लहान प्रमाणात तसंच केलं, साधारण १८ लाख घनमीटर.

“लावलेली रोपं मरतात”

हो, मरतात. या मुद्द्यावर मेसेज अर्धा बरोबर आहे आणि तो अर्धा भाग मी जोरात मान्य करतो. फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं परदेशी निधीतून मोठाल्या लागवडी झाल्या आणि जुर्जेन प्रिमावेरा या तिथल्याच संशोधक बाईंनी दाखवून दिलं की बऱ्याच ठिकाणी जेमतेम १० ते २० टक्के रोपं जगली. कारण सोपं होतं, लावायला सोपी म्हणून एकाच जातीची रोपं, आणि जागा फुकट मिळते म्हणून अशा खालच्या चिखलात की जिथे खारफुटी मुळात कधी नव्हतीच. जिथे ती पूर्वी होती तिथे आता मासे-कोळंबीची तळी होती आणि त्यांचे मालक जागा सोडायला तयार नव्हते.

याचं उत्तर सापडलं फ्लोरिडात. रॉबिन लुईस नावाच्या शास्त्रज्ञाने धरून ठेवलं की आधी भरतीच्या पाण्याची वाट मोकळी करा, जमिनीची पातळी बरोबर करा, बी पाण्याबरोबर येतं, लागवड बहुतेक वेळा लागतच नाही. ही समज मग इंडोनेशियात आणि इतर देशांत गेली, सोडून दिलेल्या तळ्यांचे बांध फोडून खारफुटी परत आणण्याचे प्रयत्न त्यावरच झाले. आणि आपल्याकडे याचा सरळ उपयोग आहे. उरण-पनवेल पट्ट्यात राहणाऱ्याला विचारा, भराव पडून भरतीचं पाणी बंद झालं की तिवरं उभ्याउभ्या वाळतात. तिथे रोपं लावायचे कार्यक्रम घेऊन, फोटो काढून काहीही होणार नाही, भरावाखालून मोरी काढून पाणी खेळतं करा. फोटोवाल्या लागवडीवर राग असेल तर तो मलाही आहे, पण तो राग खारफुटीवर काढू नका.

“गरीब शहरांवर प्रयोग, पैसा कन्सल्टंट खातात”

कोलंबोचं बघा. नोव्हेंबर २०१० मध्ये एवढा पाऊस झाला की श्रीलंकेची संसदच पाण्यात गेली, ती तलावाकाठच्या सखल भागात आहे. त्यानंतर २०१२ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज घेऊन शहराच्या पुराचं काम सुरू झालं. कर्ज, देणगी नाही, म्हणजे पैसे परत श्रीलंकेलाच करायचेत. मग हिशोब मांडला गेला : शहरात आणि आजूबाजूला साधारण २० चौरस किलोमीटर पाणथळ जागा उरलीय, ती सगळी भरून टाकली तर पुराचं नुकसान दरवर्षी सरासरी कोलंबोच्या उत्पन्नाच्या १ टक्क्याच्या आसपास जाईल. पंप आणि कालवे वाढवून ते भरून काढणं महाग पडत होतं, म्हणून पाणथळ जागा राखायचं ठरलं, आणि हे काम हातात घेतलं कुणी, तर सखल जागा भरून जमीन तयार करणं हेच जिचं मूळ काम होतं त्या सरकारी महामंडळाने. २०१८ मध्ये रामसर करार या पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली जगातल्या पहिल्या १८ पाणथळ शहरांत कोलंबो आलं. यात गरिबावर प्रयोग कुठे दिसतो? कर्जदाराने आकडेमोड करून घेतलेला निर्णय दिसतो.

मोझांबिकमधलं बैरा बंदर तर बरंचसं भरतीच्या पातळीखालीच वसलंय. शहराच्या मधून जाणारी चिवेवे नावाची भरतीची नदी गाळ आणि कचऱ्याने बुजली होती, ती जर्मनीच्या मदतीने पुन्हा मोकळी केली, काठाची खारफुटी परत लावली, पुढे जागतिक बँकेच्या पैशातून काठाने बाग झाली. मार्च २०१९ मध्ये इदाई वादळ आलं आणि शहर अक्षरशः मोडून पडलं, वाऱ्यापुढे नदी काय करणार, पण साचलेलं पाणी समुद्रात जायला वाट होती. त्यावेळी बैराला सगळ्यात आधी पोचलेल्या परदेशी मदतीत भारतीय नौदलाची सुजाता आणि शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी ही जहाजं होती. संकट आल्यावर सीमा आड येत नाहीत, मग आधी का याव्यात?

कन्सल्टंटबद्दलची शंका मात्र पूर्ण निराधार नाही. जकार्तासमोर गरुडाच्या आकाराची अवाढव्य समुद्रभिंत आणि नवी बेटं असा २०१४ चा आराखडा डच सल्लागारांच्याच सहभागातून आला होता, मच्छीमारांचं काय होणार हा प्रश्न त्यात मागेच राहिला. पण बघा, तो आराखडा भिंतीचा होता, झाडांचा नव्हता. पैसा जिथे मोठा तिथे विचारपूस जास्त हवी, आणि काँक्रीटमध्ये तो कितीतरी मोठा असतो. आपल्याकडे सिंधुदुर्गासह महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीने २०१८ मध्ये ४.३४ कोटी डॉलर मंजूर केले, एकूण प्रकल्प सुमारे १३ कोटी डॉलरचा, म्हणजे दोन-तृतीयांश पैसा आपलाच. त्याचा गावनिहाय हिशोब मागा, जरूर मागा.

“शेजारी देश भांडतात”

१९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क आणि नेदरलँड्स दोन्ही देश बळकावले होते. १९७८ पासून हेच तीन देश वाडन समुद्र एकत्र सांभाळतायत, १९८२ मध्ये संयुक्त जाहीरनामा झाला, २००९ मध्ये या समुद्राचा डच-जर्मन भाग जागतिक वारसा ठरला आणि २०१४ मध्ये डेन्मार्कचाही. आपल्याकडे सुंदरबनसाठी भारत आणि बांगलादेशाचा २०११ चा करार आहे. साठेक टक्के जंगल त्यांच्याकडे, बाकीचं आपल्याकडे, वादळ एकच येतं. करार कागदावरून चिखलात उतरायला फार वेळ लागतोय हे मान्य, पण म्हणून तो फाडून टाकायचा की त्याचा पाठपुरावा करायचा?

“मुंबईने एकट्याने भिंत बांधावी”

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ते पाणी समुद्रातून आलेलं नव्हतं, वरून आलेलं होतं आणि भरतीमुळे मिठी नदीतून बाहेर पडू शकत नव्हतं. उद्या किनाऱ्यावर सलग भिंत उभी केली तर ते बाहेर पडेल कुठून? मग पंप, आणि पंपाशी पोचेपर्यंत पाणी थांबवायला मोकळी जागा, म्हणजे फिरून पुन्हा पाणथळ जागेपाशीच आलो, कोलंबोने २०१२ नंतर जो हिशोब मांडला तिथेच. मुंबईचा २०२२ चा हवामान आराखडासुद्धा एकट्याने झालेला नाही, सी-४० हे जगभरातल्या मोठ्या शहरांचं जाळं त्यात सोबत होतं. त्याच वर्षी ठाणे खाडी रामसर यादीत आली. पण कोलंबोला मिळाला तसा पाणथळ शहराचा दर्जा भारतात पहिल्यांदा मिळाला तो २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूरला, दोन्ही समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब. मुंबईचं नाव त्या यादीसाठी पुढे करायला महापालिकेला आणि राज्य सरकारला कोणत्याही परदेशी कन्सल्टंटची गरज नाही, उरलेल्या खाजणांत भराव टाकायच्या परवानग्या थांबवाव्या लागतील एवढंच.