ट्रकच्या काचेच्या स्विचबद्दल एक स्टार मिळाला, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हर साइडच्या काचेचा स्विच नुसता साफ करून भागलं असतं, तरी आम्ही नवा टाकून १,८५० रुपये लावले. बाजारात तसाच स्विच तीनशेला मिळतो, असंही तुमचं म्हणणं. आणि एवढं करून महिन्याच्या आतच काच परत अर्ध्यात अडकायला लागली. भरलेली गाडी उभी राहिली की मालकाचा जीव कसा टांगणीला लागतो, हे जालन्यात धंदा करणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण हे वाचून दुसरा कुणी तीनशेवाला स्विच घेऊन बसवेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्विच काढायच्या आधी आम्ही मीटर लावला होता, तुमचा ड्रायव्हर शेजारीच उभा होता. इंजिन चालू, बॅटरीवर २८ व्होल्ट. बटण दाबून धरलं तर मोटरच्या कपलरवर, म्हणजे मोटरच्या वायरी जोडतात त्या प्लगवर, जेमतेम १९. मधले ८ च्या वर व्होल्ट एकट्या स्विचमध्येच पडत, म्हणजे वाया जात होते. चांगल्या स्विचमध्ये अर्धा व्होल्टसुद्धा पडत नाही. दरवाजा आणि केबिनच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरी तुटल्यात का तेही पाहिलं, कारण दरवाजा उघडून-लावून त्या तिथंच तुटतात आणि बदनाम होतो स्विच. तुमच्या वायरी ठीक होत्या.

नुसता कार्बन धरला असता तर क्लीनर मारून तोच स्विच परत बसवला असता. भट्टीच्या आवारात फिरणाऱ्या गाड्यांत काळी धूळ बसतेच, अशा बऱ्याच गाड्या आम्ही साफ करूनच सोडतो. तुमच्या स्विचच्या कॉन्टॅक्टवरचा (बटण दाबलं की एकमेकांना टेकणाऱ्या पट्ट्यांवरचा) चांदीचा थर जळून खड्डे पडले होते, शेजारचं प्लास्टिक वितळलं होतं. पॉलिश पेपरने घासला असता तर काच चालली असती, काही दिवस. मग उघडं तांबं काळं पडतं, जागा परत तापते, आणि तेव्हाचा रिव्ह्यू याहून वाईट आला असता. जुना स्विच गाडी नंबरच्या पिशवीत ठेवलाय, केव्हाही येऊन उघडून बघा.

तीनशेचा स्विच दिसायला तसाच असतो, पण तो १२ व्होल्टच्या कारचा. आपला ट्रक २४ व्होल्टचा. बटण सोडताना आत ठिणगी पडते, ती २४ ला लवकर विझत नाही आणि कॉन्टॅक्ट खाते. आतला लाइटचा बल्ब तर लगेच उडतो.

आता खरा मुद्दा. स्विच गेला की काच वर किंवा खाली, एका दिशेला अजिबात हलत नाही, नाहीतर बटण दाबून-हलवून चालते. तुम्ही लिहिलंय ते वेगळंच आहे: वर जाताना अर्ध्यात थांबते, थोड्या वेळाने आपोआप चालते, खाली मात्र सुरळीत येते. म्हणजे मोटर तापून तिच्यातला कटआउट (तापली की मोटर आपोआप बंद करणारा भाग) पडतोय. काच ज्या रबर चॅनलमधून सरकते ते वाळून कडक झालंय, मागच्या बाजूला फाटलंय. काच घट्ट चालली की मोटर जास्त करंट ओढते, आणि तो सगळा त्या छोट्या स्विचमधून जातो. पहिला स्विच जळायचं कारणही माझ्या मते हेच. बिलावर “दोन्ही चॅनल रबर बदलणे” असं लिहून दिलं होतं. तुम्ही फोनवर म्हणालात, पुढच्या खेपेला बघू. ठीक आहे, गाडी तुमची, निर्णय तुमचा. पण मग नव्या स्विचला दोष देऊ नका.

गाडी सकाळी आणा, दुपारच्या उन्हात तापलेल्या दरवाजावर काम करायला आमच्या पोरांना नको वाटतं. मीटर तुमच्यासमोर लावू. स्विचमध्ये व्होल्ट पडताना दिसले तर दुसरा स्विच फुकट, मजुरीसकट. दोष चॅनलचा निघाला तर रबराचे पैसे आणि त्याची मजुरी लागेल, काम सुरू करायच्या आधी आकडा सांगू.

तोवर ड्रायव्हरला एवढं सांगा: काच अडली की बटण दाबून धरू नको, सोडून दे, आणि वर घेताना हाताने थोडा आधार दे. चॅनलमध्ये ऑइल किंवा डिझेल सोडू नका, रबर फुगतं आणि वर धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे मिळाला तर तो मारा.