पाच छेद सात

माझ्या पुतणीच्या गृहपाठाच्या वहीत एका गणितापुढे बाईंनी काल लाल शाईने ‘उत्तर बरोबर, पण रीत नाही’ असे लिहून एका गुणाचा अर्धा गुण केला आहे. वही तिची असली तरी ते उत्तर माझे होते, त्यामुळे कापला गेलेला अर्धा गुणही माझाच आहे, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तो सहजासहजी पचत नाही.

गणित असे होते की, एका मुलाने सकाळी २ पूर्णांक ३/४ तास आणि संध्याकाळी १ पूर्णांक २/३ तास अभ्यास केला, तर त्याने एकूण किती तास अभ्यास केला? मी लसावि काढण्यासाठी पेन्सिल उचलली, तोच वहिनींच्या मामांनी वर्तमानपत्र खाली केले. मामा चार दिवसांसाठी आले होते आणि त्या दिवशी त्यांचा बारावा दिवस चालू होता.

“यात लसावि कसला काढतोस? दोन आणि एक तीन. वरचे तीन आणि दोन पाच, खालचे चार आणि तीन सात. तीन पूर्णांक पाच छेद सात. पुढचे गणित वाच.”

मी हसलो, आणि तिथेच चुकलो.

“अहो मामा, पाऊण तासात आणखी काही मिळवले तर उत्तर पाऊणपेक्षा मोठे यायला नको का? पाच छेद सात तर पाऊणपेक्षाही कमी आहे.”

“कशावरून?”

आता हे दाखवण्यासाठीसुद्धा छेद समान करावे लागतात. मी मुकाट्याने केले. पाऊण म्हणजे २१/२८ आणि पाच छेद सात म्हणजे २०/२८. मामांनी तो कागद चष्म्याच्या वरून पाहिला, मग चष्म्यातून पाहिला आणि विचारले, “हे अठ्ठावीस कुठून आणलेस? गणितात अठ्ठावीस कुठेच नाहीत.” पुतणीने पुस्तकात डोकावून, अठ्ठावीस खरोखरच नसल्याची ग्वाही दिली.

त्यानंतर मामांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि तिलाच विचारले, “चाचणीच्या पहिल्या भागात तुला चारपैकी तीन गुण मिळाले आणि दुसऱ्या भागात तीनपैकी दोन, तर एकूण किती?”

“सातपैकी पाच!”

“बघ. मुलीला कळते.”

यावर मला काहीही बोलता आले नाही, कारण ते खरे होते. कोणतीही शिक्षिका गुणांची बेरीज तशीच करते. मामांचे म्हणणे चूक आहे हे ठाऊक असून ते कुठे चुकते हे न सांगता येणे, आणि तेही दहा वर्षांच्या मुलीसमोर, हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

उत्तर सुचले ते अर्थातच रात्री साडेबारा वाजता. गुणांच्या बाबतीत चार गुणांचा भाग आणि तीन गुणांचा भाग मिळून सात गुणांची नवी चाचणी होते, म्हणजे मुळातले ‘पूर्ण’च वाढते, तास मात्र तोच साठ मिनिटांचा राहतो, आणि त्याचेच चार किंवा तीन भाग केलेले असतात. शिवाय वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवला, तर येणारे उत्तर नेहमी त्या दोन अपूर्णांकांच्या मधेच कुठेतरी पडते, त्यामुळे ती बेरीज असूच शकत नाही. हे सगळे मी अंधारात अतिशय मुद्देसूदपणे मांडले. पलीकडून मामांचे घोरणे ऐकू येत होते.

खरे तर आपल्या भाषेने हा त्रास होऊ नये याची पुष्कळ तजवीज करून ठेवली आहे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, अगदी साडेतीनसाठी ‘औट’ हा जुना शब्दसुद्धा, असे सगळे दोनच्या किंवा चारच्या छेदाचे असल्यामुळे एकमेकांशी गुण्यागोविंदाने नांदतात. दीड आणि सव्वा मिळून पावणेतीन, कागद लागत नाही. ‘दोन तृतीयांश’ मात्र बहुमताखेरीज मी कुणाच्या तोंडी ऐकलेले नाही. पण गणित रचणाऱ्यांना पाऊण आणि दोन तृतीयांश एकाच मुलाच्या गळ्यात बांधायची भारी हौस, आणि ती आजची नव्हे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त अशा पूर्णांकाला चिकटलेल्या अपूर्णांकांना ‘भागानुबंध’ असे भारदस्त नाव आहे, आणि पूर्णांकाला छेदाने गुणून त्यात अंश मिळवण्याची आजचीच रीत तिथेही आहे.

मी त्या संध्याकाळी भांडण मिटवण्यासाठी मिनिटे काढली. एकशे पासष्ट आणि शंभर मिळून दोनशे पासष्ट, म्हणजे ४ तास २५ मिनिटे. साठाला दोन, तीन, चार, पाच आणि सहा या सगळ्यांनी भाग जातो, म्हणजे साठाच्या पटीत मोजणाऱ्या बाबिलोनच्या लोकांनी आपला लसावि हजारो वर्षांपूर्वीच काढून ठेवलेला आहे. बाईंना मात्र ११/४ आणि ५/३, मग ३३/१२ आणि २०/१२, मग ५३/१२, आणि शेवटी ४ पूर्णांक ५/१२ अशी सगळी वरात हवी होती. फितीची लांबी असती तर मिनिटे कामाला आली नसती, हे मी मान्य करतो. पण हे तास होते. पाच छेद बारा तास कुणी कुणाची वाट पाहिली आहे?

काल वही घरी आली तेव्हा मामा होतेच. रात्रीचे सगळे मुद्दे तयार ठेवून मी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी सावकाश पान उलटले. गृहपाठात पाच गणिते होती. पुतणीने स्वतः सोडवलेल्या चार गणितांना चारपैकी चार गुण होते, माझ्या एका गणिताला एकपैकी अर्धा, आणि खाली बाईंनी गोल करून बेरीज लिहिली होती : साडेचार छेद पाच.

“वरच्यात वरचे, खालच्यात खालचे,” मामांनी वही पुतणीच्या हातात देत सांगितले, “बाईंचीसुद्धा रीत हीच आहे.”