वाचनाचा नाद लागू नये म्हणून घ्यायची काळजी

नाशिकमध्ये राहून वाचनापासून लांब राहणे वाटते तेवढे सोपे नाही. टिळक पथावर 1840 सालापासूनचे सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’, आहे, गंगापूर रोडच्या बाजूला कुसुमाग्रज स्मारक आहे, आणि मे महिना लागला की गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला सुरू होते. तिथे वक्ते बोलता बोलता चार पुस्तकांची नावे सोडून जातात. नुसती हवा खायला बाहेर पडलेला माणूस पुस्तक काखोटीला मारून घरी येऊ शकतो. तेव्हा संसारी, कामधंद्याच्या माणसाने पहिल्यापासून सावध असलेले बरे.

वाचनालयाचा अभिमान जरूर बाळगा. पाहुणे आले की ‘आमचं सावाना पावणेदोनशे वर्षांहून जुनं’ असे छाती काढून सांगा. सभासद मात्र होऊ नका. का नाही झालात असे कुणी विचारले तर पार्किंगचे कारण द्या; मेन रोडच्या आसपास ते कुणालाही पटते. वर्गणीचा विषय टाळा, कारण कोणत्याही सार्वजनिक वाचनालयाची महिन्याची वर्गणी एका नव्या कादंबरीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी असते आणि ऐकणारा लगेच हिशेब मांडायला लागतो.

कुणाला सोबत म्हणून आत जावेच लागले, तर देवघेव विभागाच्या टेबलाकडे पाठ करून उभे राहा. नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा तिथे पडलेला असतो. ती पुस्तके अजून कपाटात गेलेली नसतात. कुणीतरी ती घरी नेलेली, बहुधा वाचलेली असतात, म्हणजे हजारो पुस्तकांतून लोकांनी आयती निवडून ठेवलेली. जाणते सभासद कपाटांकडे न जाता आधी हाच गठ्ठा उपसतात. त्यांच्यात मिसळू नका.

दुसरा धोका शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीचा. ती बघितली की पुस्तकाची सगळी कुंडली कळते. एकाच वर्षात शिक्क्यांची गर्दी आणि पुढे सगळे कोरे, तर पुस्तक तेव्हा गाजले आणि मग विसरले गेले. असे पुस्तक घरी न्यायला फारशी हरकत नाही. पण वर्षाला दोनच शिक्के आणि ते पंधरा-वीस वर्षे न चुकता पडलेले दिसले, तर पुस्तक आहे तिथे ठेवून बाहेर पडा. असे पुस्तक कुणीतरी कुणाला तरी आग्रहाने सांगितलेले असते, आणि तुम्हालाही ते एक रात्र झोपू देणार नाही. देवघेव संगणकावर गेली तिथे चिठ्ठ्या कोऱ्याच राहू लागल्या, हा त्यातल्या त्यात दिलासा.

पुस्तके कशी लावली आहेत याचीही चौकशी नको. विषयवार लावली असतील तर पाठीवर ड्यूई दशांश पद्धतीचे आकडे असतात. 891.46 म्हणजे मराठी साहित्य. त्यापुढे 1 लागला की कविता, 3 लागला की कथा-कादंबरी. हव्या त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची पाच-पाच चाळली तर त्याच जातकुळीची आणखी दोन तरी हाताला लागतात. दाखल क्रमांकाने लावली असतील तर प्रकरण आणखी वाईट. दाखल क्रमांक पुस्तक वाचनालयात आले त्या क्रमाने पडतो, त्यामुळे पाककृतींच्या शेजारी खगोलशास्त्र आणि त्याच्या शेजारी नाटक. ज्या विषयाच्या वाटेला आपण जन्मात गेलो नसतो, त्या विषयात माणूस उभ्या उभ्या अडकतो.

ग्रंथपालांशी बोलायचेच असेल तर ‘एखादं चांगलं पुस्तक द्या ना’ एवढेच म्हणा. या प्रश्नाला उत्तर नसते, त्यामुळे तो अगदी सुरक्षित. ते समोरच्या कपाटातले गाजलेले काहीतरी काढून देतात, ते तुम्हाला आवडत नाही, विषय संपतो. मात्र ‘अलीकडे ही तीन आवडली, हे एक पन्नास पानांवर सोडलं, कारण संवाद कृत्रिम वाटले’ असे चुकूनही बोलू नका. मुरलेला ग्रंथपाल एवढ्या माहितीवर दोन मिनिटांत नेमके पुस्तक काढून हातात ठेवतो. त्यातही सोडलेल्या पुस्तकाचे कारण त्याला आवडलेल्या तिन्हींपेक्षा जास्त कामाला येते.

पुस्तके विकत घेण्याला आमची हरकत नाही. विकत घेतल्याने वाचली जातात असा कुठलाही पुरावा नाही. 2021 च्या डिसेंबरात 94 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन नाशिकला झाले, तेव्हा आणलेल्या पिशव्या अजून गाठ न सोडता माळ्यावर असतील तर तुमचे उत्तम चालले आहे. शक्यतो संच घ्या, तोही प्रकाशनपूर्व सवलतीत. संचासारखा उतारा नाही. सगळे खंड हाती आल्याशिवाय सुरुवात करायची नाही असे आपण ठरवतो, आणि आले की पहिल्या खंडाची नव्वद पानांची प्रस्तावना वाट अडवून बसलेली असते. पक्क्या बांधणीचा सातशे पानी खंड आडवे पडून धरला की दहा मिनिटांत मनगट भरून येते. प्रस्तावना शेवटी वाचली तरी चालते आणि संचातला मधला खंड आधी उघडला तरी पोलीस येत नाहीत, हे कुणाला सांगू नका.

दुकानात मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ यांवर निर्णय घ्या. मलपृष्ठाचा मजकूर पुस्तक खपावे म्हणूनच लिहिलेला असतो आणि त्यानुसार प्रत्येक पुस्तक ‘मराठीत प्रथमच’ असते. साठावे-सत्तरावे पान उघडून उभ्या उभ्या वाचू नका. पहिले पान लेखकाने दहादा घासूनपुसून ठेवलेले असते. साठाव्या पानावर त्याची रोजची भाषा सापडते आणि पुस्तक आपले आहे की नाही ते दोन परिच्छेदांत कळते. अनुवाद असेल तर अनुवादकाचे नाव वाचू नका. एकदा एखाद्या चांगल्या अनुवादकाचे नाव डोक्यात बसले की त्याच्या मागोमाग तुम्ही कानडीत, बंगालीत, रशियनमध्ये कुठेही जाऊन पोहोचता. आणि वैचारिक पुस्तकाच्या शेवटची संदर्भसूची तर सरळ कातरीने कापून टाका. एका चांगल्या पुस्तकातून पुढची पंधरा निघतात ती इथूनच.

दिवाळी अंकांचे काय करायचे हा दरवर्षीचा पेच. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून ही साथ आटोक्यात आलेली नाही. अनेक वाचनालये एकदाच वर्गणी घेऊन हंगामभर अंक फिरवतात. घ्यायचाच तर एक अंक घ्या, तोही राशिभविष्याचा. कथांच्या अंकात मोठ्या नावांच्या मध्ये कुठेतरी एक अनोळखी नाव दडलेले असते, आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याच नावाचा पहिला संग्रह येतो. ही नावे वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवणारे लोक शहरात आहेत. नवे लेखक त्यांना सगळ्यांच्या आधी सापडतात आणि मग ते चारचौघांत फार त्रास देतात.

संकल्प करा, मोठा करा. 1 जानेवारीला ‘यंदा 100 पुस्तकं’ असे जाहीर करून टाका. पंधरा दिवसांत तीन-चार पुस्तकांची पिछाडी पडते, मग माणूस बारीक पुस्तके शोधतो, मग तीही कंटाळवाणी वाटतात आणि फेब्रुवारीत सुटका होते. याउलट रोज वीस पाने हा प्रकार अतिशय घातक. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीच्या, आकाराची वीस पाने वाचायला साधारण अर्धा तास लागतो. वर्षाची झाली 7300 पाने, म्हणजे दोनशे पानी 36 पुस्तके, आणि कुठे काही जाहीर केलेले नाही, त्यामुळे सोडायला निमित्तही नाही. हा गुणाकार घरात कुणालाही, विशेषतः सुट्टीतल्या मुलांना, करून दाखवू नका. मुलांचा विषय निघालाच आहे म्हणून: प्रत्येक पुस्तकानंतर ‘यातून काय बोध घेतलास?’ एवढे विचारत राहा. बाकी काही करावे लागत नाही.

हाती घेतलेले पुस्तक शेवटपर्यंत वाचायचेच, हा बाणा मात्र सोडू नका. वाचन बंद पाडण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हाला माहीत नाही. एकशे दहाव्या पानावर खूण घालून उशाशी ठेवलेली कंटाळवाणी कादंबरी सहा-सहा महिने दार अडवून बसते. ती संपत नाही, म्हणून दुसरी सुरू होत नाही. सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी यावर एक नियम सांगून ठेवला आहे: पन्नास पाने वाचा, नाही रुचले तर सोडा; पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा आणि उरतील तेवढीच पाने वाचा. म्हणजे सत्तरीच्या आजोबांना तिसाव्या पानावर पुस्तक मिटायची मुभा. असे सल्ले नाशिकपर्यंत पोहोचू न देणे आपल्याच हाती आहे.

नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज येजा करणारे पासधारक विशेष जोखमीत मोडतात. एका बाजूचे साडेतीन तासांच्या आसपास, तेही बसायला ठरलेली जागा. पत्ते आणि भजन ही जुनी, खात्रीची साधने आहेत. मोबाईल त्याहून चांगला, पण कसारा घाटात बोगदे लागले की रेंज जाते, आणि नेमकी याच वेळी पिशवीतून पुस्तके बाहेर येतात. म्हणून रात्रीच दोन मालिका डाउनलोड करून ठेवा. कानात गाण्यांऐवजी कुणी श्राव्य पुस्तक ऐकत असेल, तर ते वाचन नव्हेच असा वाद घाला. वाद इगतपुरीच्या अलीकडे सुरू केला तर कल्याणपर्यंत पुरतो.

इतके करूनही पुस्तके घरापर्यंत येऊ शकतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना 2009 मध्ये याच शहरातून निघाली. वाचकांच्या एका गटाला शंभर पुस्तकांची पेटी मिळते, आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. इथली गोम लक्षात घ्या: पेटीतली पुस्तके तुम्ही निवडलेली नसतात. आपण स्वतः निवडायला गेलो की फिरून फिरून तेच चार लेखक उचलतो, आणि त्यामुळेच कंटाळून थांबतो. पेटीत मात्र ज्याचे नावही ऐकले नाही असे पुस्तक खालच्या मजल्यावरच्या काकू आधी वाचून बसलेल्या असतात आणि जिन्यात गाठून विचारतात, ‘वाचलंत का हो?’ सोसायटीत पेटी आणण्याचा ठराव आला तर जागेचा प्रश्न उपस्थित करा. पेटी जिन्याखाली मावते, पण सर्वसाधारण सभा तेवढ्या खोलात जात नाही.

27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, वर्षभराचे साहित्यप्रेम एका सकाळी उरकता येते. त्यांची म्हणून फिरणारी कविता आली की पुढच्या सगळ्या गटांत पाठवा. ती त्यांची आहे का हे बघायला कवितासंग्रह उघडू नका. तपासायला म्हणून उघडतो आणि शेजारच्या कविता वाचत बसतो.

घरातली पुस्तके काचेच्या कपाटात, घट्ट दाबून, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवा. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते, मागे हवा खेळत नाही, बुरशी धरते, आणि पुठ्ठ्याच्या खळीवर कसर पोसते. भिंतीपासून दोन-तीन बोटे अंतर, खालचा कप्पा जमिनीपासून वर आणि पाऊस सरल्यावर पुस्तके काढून पाने मोकळी करणे, इतक्यावर हे सगळे टळते. पण पाने मोकळी करताना डोळे मिटता येत नाहीत, ही अडचण.

एवढी पथ्ये पाळूनही साहित्यात वावर असावा असे वाटणाऱ्यांसाठी पुस्तक प्रकाशन समारंभ आहेत. संध्याकाळी साडेपाचची वेळ, सुरुवात सव्वासहाला. व्यासपीठावर सात जण, त्यांतल्या तिघांना पुस्तक आदल्या रात्री मिळालेले, आणि ते तसे सांगूनच भाषणाला उभे राहतात. लेखकाचे मनोगत येईपर्यंत मागच्या रांगा चहाकडे वळलेल्या असतात. वाचन घडण्याची शक्यता इथे जवळजवळ नाही. फक्त बाहेर पडताना दाराशी विक्रीचे टेबल असते, ‘आजच्या दिवस पंचवीस टक्के सवलत’ असा कागद लावलेले. तिथला मुलगा ‘चाळून तर बघा’ म्हणेल. तेव्हा बटाटेवड्याची ताटली हातात असू द्या. तेलकट हाताने पुस्तकाला शिवायचे नाही, एवढे वाचनसंस्कार तुमच्यावर लहानपणीच झालेले आहेत.